पलंगावरची बुबुलिना

पन्नास द्राख्मांची निळी नोट निघाली तेव्हापासून आमच्या बेटावर ती कोणी घरात मुक्कामाला ठेवत नाही. वाण्यानं सुट्टे म्हणून हातावर टेकवली, तर बाई तिथल्या तिथे मीठ, काडेपेटी, काय सुचेल ते घेते आणि ती त्याच्याच गल्ल्यात परत टाकते. वाणीही काही बोलत नाही. त्याचे स्वतःचे भाऊ बोटीवर आहेत. पाद्रीबुवा रविवारी या अंधश्रद्धेवर ओरडतात. मी त्यांना एकदा म्हटलं, "बुवा, तुमच्या दानपेटीत पन्नासच्याच नोटा का पडतात, कधी विचार केलात?" तेव्हापासून ते जरा हळू ओरडतात.

तिच्यावर काय छापायचं ते अथेन्सच्या कुणा शहाण्यानं ठरवलं देव जाणे. आयुष्यात गुडघाभर पाण्याच्या पुढे गेला नसणार. एका बाजूला पोसायडन, दाढीवाला, समुद्राचा मालक. उलटी केली की बुबुलिना, होडीत उभी राहून तुर्कांच्या किल्ल्यावर तोफा डागायला लावणारी. बाई शूरच. शाळेत तिच्या नावानं आम्हीही टाळ्या पिटल्यात. पण तिचे दोन नवरे समुद्रात गेले. एक नाही, दोन! म्हणजे नोटेच्या एका अंगाला नेणारा आणि दुसऱ्या अंगाला जिचं नेलं ती. आम्ही ख्रिस्ती माणसं आहोत, बोट सुटली की संत निकोलसला मेणबत्ती लावतो, पोसायडनवर आमचा काडीचा विश्वास नाही. पण विश्वास नसणं वेगळं आणि त्याला उशाशी घेऊन झोपणं वेगळं.

मी फ्लोरा, बेकरीवाल्या इसिदोरोसची बायको. माझा नवरा बुडाला तर पिठात बुडेल, म्हणून गावातल्या बाया माझा हेवा करतात. पण माझा भाऊ झान्निस बोटीवर होता. त्याचा मुलगा लिओनार्दोस पाळण्यात असताना झान्निसची बोट बिस्केच्या उपसागरात गेली, माणसांसकट. काही परत आलं नाही, टोपीसुद्धा नाही. त्याची बायको अनेझिओ, माझी वहिनी, तेव्हापासून काळ्या कपड्यांत आहे. तिनं पोराला एकटीनं वाढवलं, बोटीवर जाऊ नको म्हणून त्याच्या हातापाया पडली, आणि वयात आल्यावर तो गेलाच. इथली मुलं जातातच. माझ्या भट्टीपाशी त्याला बसवून बघितलं होतं, पण त्याचं लक्ष सगळं खिडकीतून बंदराकडे.

या लिओनार्दोसचं लग्न ठरलं, आणि ठरलं ते एका डोंगरातल्या मुलीशी. गारुफालिया तिचं नाव. अर्काडियाची, जिथे माणसं बकऱ्यांच्या मागे चढतात आणि समुद्र फक्त नकाशात बघतात. ती अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात कपड्यांच्या कारखान्यात शिवायला होती, तिथे दोघांचं जमलं. गावातल्या बाया म्हणाल्या, "काय गं अनेझिओ, बेटावरच्या मुली संपल्या का?" वहिनी म्हणाली, "डोंगरातली आहे तेच बरं. तिच्या घरातलं अजून कोणी बुडालेलं नाही."

मरियामातेचा पंधरा ऑगस्टचा सण झाला, उपास सुटला आणि पुढच्या रविवारची तारीख धरली. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी पलंग घालतात. ज्यांचे आईबाप दोन्ही हयात आहेत अशा मुली चादरी अंथरतात, गाणी म्हणतात, मग बायका येऊन तांदूळ टाकतात, साखरेचे बदाम टाकतात आणि नोटा ठेवतात. विधवेनं त्या पलंगाला हात लावायचा नाही. हात सोडा, त्या खोलीचा उंबरासुद्धा ओलांडायचा नाही. त्यामुळे स्वतःच्या घरात, एकुलत्या एका पोराच्या लग्नात, वहिनी बाहेर अंगणात इतर काळ्या कपड्यांतल्या बायांबरोबर बसली होती, आणि आतली मालकीण मी. मला ते आवडलं नव्हतं. पण आवडलं न आवडलं कोण विचारतो, रीत ती रीत.

नोटा ठेवण्यातही आमच्याकडे शास्त्र असतं. हजाराच्या नोटेवर झ्यूस आहे, देवांचा राजा. तो आम्ही पालथा घालतो.

"त्याला बायको कधी पुरली नाही," मोस्खांथी दरवेळी म्हणते, "तो नवऱ्या मुलाच्या उशाशी कशाला?" मोस्खांथी म्हणजे कॅप्टनची बायको, गावातल्या सगळ्या रीतींची राखणदार. शंभराच्या नोटेवर अथेना, ती जन्मभर कुमारी राहिली, म्हणजे तीही पलंगावर चालत नाही. उरते ती पाचशेची. तिच्यावर डिमीटर आहे, गव्हाची देवी. घर धान्यानं भरू दे, कूस भरू दे. म्हणून पलंगावर बघाल तर जिकडेतिकडे डिमीटर.

सगळं छान चाललं होतं. मुलींनी चादरी अंथरल्या, मोस्खांथीनं त्या पुन्हा काढायला लावून पुन्हा अंथरायला लावल्या, बदामाचं सरबत फिरलं. मग गारुफालियाची आई पुढे झाली.

तिचं नाव स्तामाता. आदल्या दिवशीच्या बोटीनं ती नवऱ्याबरोबर आली होती. बोटीत ओकून ओकून चेहरा हिरवा, तरी धक्क्यावर उतरल्यावर पहिल्यांदा सामान मोजायला उभी राहिली. मुलीसाठी तिनं स्वतः विणलेल्या लोकरीच्या घोंगड्या आणल्या होत्या, माणूस हरवेल एवढ्या जाड. "ऑगस्टमध्ये हे पांघरलं तर सकाळी दोघं भाजलेली सापडतील," मोस्खांथी माझ्या कानात म्हणाली, आणि स्तामाताला ते ऐकू गेलं. गेलं हे मला तिच्या मानेवरून कळलं. पण ती घोंगडीची घडी करत राहिली. तिचा नवरा आमच्या बाप्यांबरोबर कॉफीच्या दुकानात, त्यामुळे ती इथे एकटीच होती, परक्या बायांत, परक्या बेटावर.

तिनं पोलक्यातून एक इस्त्रीचा रुमाल काढला. त्यातून नोटा काढल्या. कोऱ्या करकरीत, घडी न पडलेल्या, निळ्या. पन्नासच्या. तिनं त्या दोन उशांच्या मधोमध पंख्यासारख्या मांडल्या, प्रत्येकीवर बुबुलिना वर. एक जरा तिरकी झाली तर बोटानं सरळ केली. मग मागे सरून हात पुसले आणि हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसली ती.

गाणं थांबलं. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. माझ्या हातातलं सरबताचं तबक मी तसंच धरून उभी. मला वाटलं कोणीतरी काहीतरी बोलावं, पण काय बोलणार? नव्या नवरीच्या खोलीत 'विधवा' हा शब्द उच्चारणं म्हणजे नोटेपेक्षाही वाईट. सगळ्यांना कारण ठाऊक आणि ते सांगायची सोय नाही.

मोस्खांथी पुढे झाली. तिनं त्या नोटा दोन बोटांच्या चिमटीत एकेक उचलल्या, मेलेली पाल उचलावी तशा, आणि कपाटावर नेऊन ठेवल्या. मग छातीवर क्रूस काढला आणि तीनदा थू थू केलं.

स्तामाताचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, कारण ते काढायचं तिला सुचलं नाही. "काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही," मोस्खांथी म्हणाली. "इथे असं ठेवत नाहीत."

"कसं ठेवत नाहीत? तुम्ही सगळ्यांनी ठेवलंय की."

"आम्ही दुसऱ्या ठेवतो."

स्तामातानं पलंगावर नजर टाकली. सगळ्या पाचशेच्या, हजाराच्या. मग तिच्या लक्षात आलं, म्हणजे जे आलं ते चुकीचं आलं. कानापर्यंत लाल झाली. "अस्सं," ती म्हणाली. "कमी पडल्या होय." तिनं पिशवीत हात घातला, परतीच्या तिकिटासाठी ठेवलेली हजाराची नोट काढली आणि पलंगावर आपटली. "ही घ्या. आता झालं समाधान? आमच्याकडे बकऱ्या आहेत बाई, बोटी नाहीत. पण भीक मागायला आलो नाही आम्ही."

"विहीणबाई, तसं नाही हो," मी म्हटलं.

"मग कसं आहे? सांगा ना! तोंडात काय बोळा कोंबलाय सगळ्यांच्या?"

आम्ही गप्प. त्या गप्प बसण्यानं तिचा उरलासुरला धीरही गेला. तिनं लेकीकडे वळून सांगितलं, "गारुफालिया, बांधाबांध कर. सकाळची बोट आहे. माझ्या हातच्या घोंगडीला हसतात, माझे पैसे चिमटीत धरून फेकतात, उद्या तुला कशा वागवतील? चल. माझी पोर काही रस्त्यावर पडलेली नाही."

गारुफालिया खिडकीपाशी उभी होती, पांढरीफटक. ती "आई..." म्हणाली. या बाईला मी काल ओळखायला लागले होते, पण तेवढ्यात एवढं कळलं होतं की ही बोलते ते करते. सकाळी बोटीवर चढेल, ओकत ओकत जाईल, पण जाईल. आणि लिओनार्दोस? तो पुढच्या महिन्यात जहाजावर चढायचा होता. मोडलेल्या मनानं समुद्रावर गेलेली माणसं मी पाहिली आहेत. ती कठड्याला धरून चालत नाहीत.

मी तबक खाली ठेवलं आणि अंगणात गेले. आतला आरडाओरडा तिथे पोचलाच होता. सगळ्या काळ्या बाया मान खाली घालून बसलेल्या.

"वहिनी," मी म्हटलं, "तिनं पलंगावर पन्नासच्या ठेवल्या. मोस्खांथीनं उचलल्या. तिला वाटतंय आपण तिला गरीब म्हणून हिणवलं. लेकीला घेऊन निघालीय."

"तुम्ही सांगितलं नाही तिला, वन्सं?"

"तिथे कसं सांगू? तो शब्द कोण उच्चारणार त्या खोलीत?"

वहिनी उठली. तिनं एप्रनवरची पिठी झटकली आणि चालत गेली, थेट, आणि उंबऱ्याशी मला वाटलं थांबेल, पण थांबली नाही. आत गेली. मोस्खांथी किंचाळायचीच बाकी होती. "अनेझिओ! बाहेर! पलंग घातलाय!"

"दिसतोय मला," वहिनी म्हणाली. "विहीणबाई, पैशांचं नाही हे. त्या नोटेवरच्या बाईचं आहे."

"कोणत्या बाईचं? बुबुलिनाचं?" स्तामाता कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बुबुलिनानं तुमचं काय घोडं मारलं? अहो, मी मुद्दाम त्या आणल्या! बँकेतल्या माणसाच्या मागे लागून आमच्या डोंगरातल्या त्रिपोलीहून कोऱ्या मागून घेतल्या. आमची विहीण ती!"

"कोणाची विहीण?" मी विचारलं.

"आमची! आमच्या डोंगराची. तिची मुलगी आमच्या सेनापती कोलोकोत्रोनिसच्या मुलाला दिली होती ना? शाळेत काय करत होतात तुम्ही? बेटाची पोर आमच्या डोंगरात दिली, आता डोंगराची पोर मी बेटावर देतेय. फिट्टंफाट. म्हणून म्हटलं, तिचंच चित्र ठेवावं, दोन्हीकडची आहे ती. एका बाजूला तुमचा समुद्राचा देव, एका बाजूला आमची विहीण. याहून चांगलं काय असतं? रात्रभर मला झोप नाही त्या आनंदात, की त्यांना किती बरं वाटेल." तिचा आवाज फाटला. "आणि तुम्ही ती चिमटीत धरून..."

मला इतकं वाईट वाटलं की मी थट्टेवर आले. मला दुसरं येत नाही. "विहीण होती खरी," मी म्हटलं, "पण मेली कशी ठाऊक आहे का? तुर्कांच्या तोफांनी जिचं काही वाकडं झालं नाही, ती सोयऱ्यांच्या भांडणात गेली. मुलानं एक पोरगी पळवली, पोरीकडचे दारात आले, ही खिडकीत उभी राहून त्यांच्याशी भांडत होती आणि गोळी लागली. तेव्हा तुम्ही जरा खिडकीपासून लांब उभ्या राहा."

एक मुलगी फिसकन हसली. स्तामाताच्या ओठाचा कोपराही हलला, पण तेवढाच. "मग काय चुकलं माझं?" तिनं वहिनीला विचारलं. आता तिच्या आवाजात भांडण नव्हतं.

वहिनी म्हणाली, "ती विधवा होती, विहीणबाई. दोनदा."

मोस्खांथीनं डोळे मिटून घेतले. कोणीतरी क्रूस काढला. शब्द निघाला तो निघाला.

"तुमच्याकडे नोटेवरची बाई म्हणजे शूर बाई. आमच्याकडे तिचे नवरे समुद्रात गेले ते आधी आठवतं. आणि मागच्या बाजूला ज्यानं नेलं तो. आम्ही ती नोट घरात ठेवत नाही. पैसे थोडे म्हणून नाही काढल्या. तुमच्या मुलीवर यायला नको म्हणून काढल्या." मग ती म्हणाली, "मोस्खांथीला रीत सांभाळता येते, माणूस सांभाळता येत नाही. ते मनावर घेऊ नका."

स्तामाताची नजर दाराकडे गेली. दारातून अंगण दिसत होतं, आणि अंगणातल्या त्या बाया, रांगेनं बसलेल्या. कालपासून तिला वाटत होतं या तुसड्या आहेत, परकी म्हणून आत येत नाहीत, जवळ बसत नाहीत. तिनं मला नंतर सांगितलं तसं. आत्ता ती एकेकीच्या काळ्या रुमालाकडे बघत होती. अर्धं अंगण भरलं होतं.

"या सगळ्या?" तिनं विचारलं.

"सगळ्या नाहीत," वहिनी म्हणाली. "एकीचा पोटाच्या दुखण्यानं गेला."

स्तामाता पलंगाजवळ गेली आणि तिथली एक पाचशेची नोट उचलून आमच्यासमोर धरली. "आणि ही चालते तुम्हाला? डिमीटर? म्हणे गव्हाची देवी! हिची मुलगी कुठे गेली विसरलात वाटतं? फुलं तोडताना पाताळाच्या देवानं धरून जमिनीखाली नेली पोरीला, आणि आई रडत रडत सगळी दुनिया फिरली. माझ्या लेकीच्या पलंगावर तुम्ही सगळ्यांनी तीच अंथरलीत, उशापासून पायथ्यापर्यंत. मला दिसलं ते आल्या आल्या. पण मी बोलले का? पाहुणी आहे, म्हणून गप्प बसले."

इतकी वर्षं आम्ही ती नोट पलंगांवर ठेवत आलो होतो आणि हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कारण आमच्या मुली जातच नाहीत कुठे. जातात ती मुलं. मोस्खांथीनं स्वतः ठेवलेली पाचशेची हळूच पालथी घातली, आणि मला खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पण स्तामाताचं बळ तिथेच संपलं. मघाशी ती रागानं निघाली होती. आता तिला खरंच भीती वाटायला लागली, आणि राग उतरतो तशी भीती उतरत नाही. ती पलंगाच्या कडेला हात टेकून म्हणाली, "गारुफालिया, खरंच चल. मी रागावून नाही म्हणत आता. मला हे ठाऊक नव्हतं बाळा. आमच्याकडे माणूस मेला की निदान पुरायला असतो."

तेव्हा मुलगी बोलली. "मला ठाऊक होतं, आई."

"काय?"

"नोटेचं. पिरेअसला आम्ही पहिल्यांदा कॉफी प्यायलो तेव्हा सुट्ट्यात त्याला ती नोट मिळाली. तो म्हणाला, ही तू ठेव, मला नको. मग कारण सांगितलं. वडिलांचंही तेव्हाच सांगितलं."

"मग मघाशी मी ठेवत होते तेव्हा तोंड शिवलं होतं तुझं?"

"तू इतकी खूश होतीस," गारुफालिया म्हणाली आणि रडायला लागली. "काल आल्यापासून पहिल्यांदा हसलीस. मी कशी थांबवू? नोटेनं काही होत नाही गं आई. नोट असली नसली तरी तो जाणारच आहे पुढच्या महिन्यात. मी घाबरते. रोज घाबरते. पण घाबरते म्हणून त्याला सोडून घरी येऊ आणि तिथे बसून घाबरू, त्यात काय फायदा?"

स्तामातानं रुमालानं स्वतःचं नाक पुसलं, मग त्याच रुमालानं लेकीचं पुसलं. मग ती वहिनीकडे वळली, आणि सौदा करायला बसलेल्या बाईसारखं विचारलं, "बोट किती दिवस बाहेर असते?"

"महिने. कधी वर्षसुद्धा."

"आणि तेवढे दिवस ही कुठे असणार?"

"इथेच. माझ्यापाशी."

"चूल एकच?"

"एकच."

"म्हणजे मी माझी पोर तुझ्या मुलाला देत नाहीच मुळी," स्तामाता म्हणाली. "तुला देतेय."

वहिनीनं नुसती मान हलवली. या घरात कोणी तिला काही द्यायला आलं, असं मी तरी पाहिलं नव्हतं. जे आलं ते न्यायलाच.

"तर मग पलंग तू घाल," स्तामाता म्हणाली. "तू घातलास तर ठेवते मुलगी. नाहीतर नेते."

खोलीत एकदम कल्ला झाला. मोस्खांथी म्हणाली, असं कधी झालं नाही, पाद्रीबुवांना विचारायला हवं. मी म्हटलं, पाद्रीबुवांचा अंधश्रद्धेवर विश्वास नाही, त्यांना कशाला त्रास देतेस. पण कोणापेक्षाही वहिनीच घाबरली होती. ती मागे मागे सरत भिंतीला टेकली.

"नको, विहीणबाई. हे मागू नका. दुसरं काहीही मागा. मी घातलेल्या पलंगावरून एकदा माणूस उठून गेला तो आला नाही. माझा हात लागायचा नाही याला. माझ्या पोराचा आहे हा पलंग." तिनं दोन्ही हात एप्रनखाली लपवले, लहान मुलं खरकटे हात लपवतात तसे.

स्तामातानं तिच्याजवळ जाऊन ते हात बाहेर काढले. "उद्या माझ्या पोरीला ताप आला तर कपाळावर हात कोण ठेवेल? मी असणार आहे इथे? बाळंत होईल तेव्हा पाठ कोण चोळेल? ही कॅप्टनीण? तुझाच हात ना? तो हात तिच्या कपाळाला चालतो आणि चादरीला चालत नाही, हे मला पटत नाही. मी डोंगरातली अडाणी बाई आहे, मला समजावून सांग."

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी झान्निसची बहीण. त्या खोलीत त्याच्या वतीनं बोलायचं तर मीच होते. माझ्या तोंडात एकही थट्टा उरली नव्हती. मी म्हटलं, "घाल गं वहिनी. तो असता तर त्यानंच तुला हाताला धरून आणली असती."

मोस्खांथी तरातरा बाहेर गेली. जाऊ दे. तिच्या मागोमाग दोन मुली गेल्या, बाकीच्या थांबल्या. मी पलंगावरचे तांदूळ, बदाम, नोटा, देव, देवी, सगळं एका परातीत गोळा केलं आणि बाजूला ठेवलं. पलंग मोकळा झाला.

वहिनीनं चादर उचलली. एकटीनं उडवताना चादर हवेतच वाकडी झाली आणि स्तामातानं पलीकडचं टोक धरलं. दोघींनी मिळून ती पसरली. लगेच खोचण्यावरून वाद झाला. डोंगरात कोपरा घडी घालून खोचतात, आमच्याकडे सरळ. "असं निघून येतं," स्तामाता म्हणाली. "इतकी वर्षं नाही आलं," वहिनी म्हणाली, आणि मग दोघींनी आपापल्या बाजूला आपापलंच केलं. वर ती लोकरीची घोंगडी घातली. अंगणातल्या बाया उठून दारापाशी आल्या होत्या, उंबऱ्याच्या बाहेर, एकमेकींच्या खांद्यावरून बघत.

मुलाच्या बाजूला वहिनीनं घोंगडी नुसती सरळ केली. मुलीच्या बाजूला आल्यावर मात्र तिनं ती ओढून, दाबून, घट्ट खोचली. झाल्यावर हात तिथेच ठेवून उभी राहिली.

स्तामाता तिच्याकडे बघत होती. मग हळूच, लेकीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं ती म्हणाली, "एक सांगून ठेवते, विहीणबाई. वारा सुटला की हिला एकटीला झोप लागत नाही. लहानपणापासूनचं आहे."

"मलाही लागत नाही," वहिनी म्हणाली. "दोघी जाग्या राहू."